फाइल एकदाच तयार होते, फोन मात्र रोज येतात: एकट्याने डिजिटल उत्पादने विकण्याचा अनुभव

हिशेबवही (अंबाजोगाई) · धागाकर्ता

नमस्कार मंडळी.

गेली तीन वर्षे मी घरी बसून बचत गटांच्या हिशेबाची तयार फाइल विकतो. त्याआधी ११ वर्षे एका संगणक प्रशिक्षण केंद्रात टंकलेखन आणि एक्सेल शिकवीत होतो. केंद्र बंद झाले आणि हाताशी जे कौशल्य होते त्याचेच काहीतरी करणे भाग पडले. या धंद्याविषयी ज्या चित्रफिती फिरतात त्यांत "एकदा बनवा आणि झोपेत कमवा" हे वाक्य हमखास असते. वस्तू डिजिटल असली तरी गिऱ्हाईक रात्री साडेनऊला, गटाची बैठक चालू असतानाच फोन करते, हे त्या चित्रफितींत कोणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

उत्पादन सुचले ते भांडणातून. माझ्या पत्नीच्या गटात १५ जणी आहेत. एकीने १०,००० रुपयांचे अंतर्गत कर्ज घेतले. व्याज दरमहा शेकडा २ आणि मुद्दल दरमहा १,००० परत, असे ठरले. दहा महिन्यांनी सचिवबाईंनी व्याज मांडले २,००० रुपये, आणि कर्ज घेतलेल्या बाई म्हणाल्या की ते १,१०० होते. बेरीज दोघींचीही बरोबर होती. एकीने मूळ रकमेवर दरमहा २०० धरले होते, दुसरीने उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, असे उतरत उतरत शेवटी २०. गटाच्या ठरावात "शिल्लक मुद्दलावर" हे शब्द होते. ते पुन्हा उघडून कोणी पाहिले नव्हते. ९०० रुपयांपायी दोन बैठका मोडल्या. तिसऱ्या बैठकीआधी मी एक तक्ता करून दिला, आणि महिन्याभरात शेजारच्या दोन गटांच्या बाया तोच तक्ता मागायला दारात आल्या.

पहिली आवृत्ती मी एक्सेलमध्ये केली आणि शिक्षकी हौसेने तीत मॅक्रो भरले. बटण दाबले की पावती तयार, बटण दाबले की वार्षिक गोषवारा तयार. विकत घेणाऱ्या दहापैकी नऊ जणींकडे संगणकच नव्हता आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, हे मला पैसे घेतल्यानंतर उमगले. ते पैसे परत केले. मग सगळे गूगल शीट्सवर नव्याने उभे केले. तिथे एक सोय फार उपयोगाची आहे: फाइलच्या दुव्याच्या शेवटी "एडिट" असते त्या जागी "कॉपी" केले, की घेणाऱ्याला थेट स्वतःची प्रत मिळते आणि आपली मूळ फाइल सुरक्षित राहते.

दुसरा फटका अहमदपूर तालुक्यातल्या एका सीआरपी ताईंच्या (बचत गटांना गावोगावी मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्तीच्या) फोनने बसला. "सर, बेरीज शून्यच दाखवूलालीय." अर्धा तास सूत्रे तपासली, सगळी ठीक होती. शेवटी त्यांना पडद्याचे छायाचित्र पाठवायला सांगितले, तेव्हा दिसले की ताईंनी मराठी कळफलकावरून रकमा मराठी अंकांत भरल्या होत्या. माणसाला तो आकडा असतो; शीटला ते नुसते अक्षर असते आणि बेरजेचे सूत्र अक्षरांना वगळून पुढे जाते. मी त्या रकान्यांवर बंधन घातले, की इंग्रजी अंकांखेरीज काही लिहिले तर लाल सूचना यावी. तारखांचेही तसेच झाले. फाइलची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी, राहिली होती, त्यामुळे ५ जूनचा हप्ता ६ मे रोजी जमा झाला आणि एका बाईंना विनाकारण दंड लागला.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक फोन तारखेसह लिहायचा, कोणत्या पानाबद्दल होता ते लिहायचे, आणि एकाच गोष्टीसाठी तीन फोन आले की गिऱ्हाइकाला समजावणे बंद करून फाइल बदलायची. माझ्या मते एकट्याने धंदा करणाऱ्यासाठी हीच खरी उत्पादननिर्मिती. पहिली फाइल हा तिचा कच्चा खर्डा असतो.

किंमत आधी ९९ रुपये होती, आता २९९ आहे. ९९ रुपयांत घेणाऱ्यांपैकी बरेच जण फाइल उघडतच नसत आणि उघडणारे मात्र सगळा हिशेब मीच भरून द्यावा अशी अपेक्षा करीत. सुरुवातीला क्यूआर कोड पाठवायचा, पैसे आल्याचे छायाचित्र आले की दुवा पाठवायचा, असे चालू होते. त्यात दोनदा बनावट छायाचित्रांनी फसलो. बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय दुवा द्यायचा नाही हा नियम तेव्हा केला, आणि पुढे पैसे जमा होताच दुवा आपोआप जाईल असे विक्रीपान घेतले. त्याचे शुल्क साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९९ मागे सुमारे ७ रुपये जातात. रात्री दुवे पाठवत बसण्यापेक्षा हे ७ रुपये स्वस्त आहेत.

माझा प्रश्न असा, की विक्रीनंतरच्या या फोनवरच्या वेळेचा मोबदला आपण किमतीत कसा धरता?

उदगीरकर

लेख आवडला. स्पष्ट विचारतो, राग मानू नये: यावर घर चालते का?

हिशेबवही (अंबाजोगाई) · धागाकर्ता

नाही. महिन्याला वीस-पंचवीस फाइली जातात, मार्च-एप्रिलमध्ये वर्षअखेरीच्या हिशेबामुळे थोड्या अधिक. सकाळच्या शिकवण्या चालूच आहेत. नोकरी सोडून यात उडी घ्यावी असे मी कोणाला सांगणार नाही.

कोनमापक (लातूर)

मी नववी-दहावीच्या गणिताचे सरावसंच पीडीएफ स्वरूपात विकतो. लातूरमध्ये शिकवणीचा धंदा केवढा मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. अशा गावात माझ्यासारख्या एकट्या शिक्षकाला भिंतीवरच्या फलकांशी स्पर्धा करता येत नाही, म्हणून मी फलकांवर नसलेला कोपरा निवडला. सेमी-इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला गणित समजते, पण शाब्दिक उदाहरणाचे इंग्रजी वाक्य समजत नाही. माझ्या संचात डावीकडे उदाहरण इंग्रजीत, उजवीकडे त्याच वाक्याची मराठी फोड आणि खाली कोरी जागा, एवढेच असते. उत्तरांपेक्षा ती फोडच पालक विकत घेतात.

आपल्याला फोनचा त्रास आहे, मला चोरीचा. दुसऱ्याच वर्षी माझा सगळा संच एका ॲपवरील फुकट वाहिनीवर दिसला, वर माझ्या शिकवणीचे नाव खोडून. पीडीएफला घातलेला परवलीचा शब्द निरुपयोगी ठरला, कारण ज्याने फाइल पसरवली त्याने शब्दही सोबत दिला होता. आता विक्री होताच प्रत्येक पानाच्या तळाशी घेणाऱ्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक फिक्या अक्षरांत उमटतो. ज्याला चोरायचेच आहे तो ते काढू शकतो, हे मान्य. परंतु स्वतःचा क्रमांक असलेली फाइल शाळेच्या गटात टाकताना माणूस थबकतो, आणि माझे बहुतेक नुकसान अशा सहज पुढे पाठवण्यातूनच होत होते.

कायद्याची बाजू आपल्याकडे नाही असे मात्र समजू नये. लेखी साहित्यावर ते निर्माण होताच १९५७ च्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क मिळतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पुराव्याला उपयोगी पडते इतकेच. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, एका शिक्षिकेचे अभ्याससाहित्य फुकट वाटणाऱ्या वाहिन्यांच्या चालकांची माहिती उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला होता. मी स्वतः न्यायालयात गेलो नाही. त्या ॲपकडे रीतसर तक्रार केली आणि नऊ दिवसांनी ती वाहिनी उतरली.

हाच कायदा आपल्यालाही लागू आहे, हे आपले शिक्षक बांधव सोयीस्करपणे विसरतात. बालभारतीच्या पुस्तकांचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत. त्यातली पाने स्कॅन करून, वर आपले नाव टाकून "नोट्स" म्हणून विकणे ही चोरीच होय. उदाहरणे स्वतः रचावी लागतात. मी रचतो, आणि त्यांत सोयाबीनच्या पोत्यांपासून मांजरा धरणाच्या पाण्यापर्यंत सगळे येते.

जमाखर्च (छत्रपती संभाजीनगर)

मी सनदी लेखापाल आहे. अशा विक्रेत्यांकडून दरवर्षी तेच गैरसमज ऐकतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला गैरसमज असा, की ऑनलाइन विकायला सुरुवात केली की पहिल्या दिवसापासून जीएसटी नोंदणी लागते. उतरवून घ्यायची फाइल, ई-पुस्तक, ऑनलाइन अभ्यासक्रम यांची विक्री जीएसटीच्या दृष्टीने सेवा ठरते, आणि सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांवर जाईपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. ४० लाखांची मर्यादा फक्त मालासाठी आहे. ती ऐकून पुष्कळ जण फसतात. गिऱ्हाईक बिदरचे किंवा हैदराबादचे असले, किंवा दुसऱ्याच्या मंचावरून (ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावरून वा ॲपवरून) विक्री झाली, तरी सेवांना हीच २० लाखांची मर्यादा आहे. मात्र "एकूण उलाढाल" पॅन क्रमांकावर मोजली जाते. त्याच नावावर आपले खतांचे दुकान असेल तर त्याची विक्रीही तीत धरली जाईल.

ज्या दिवशी नोंदणी घ्याल त्या दिवशी किमतीचा पुन्हा विचार करा. धागाकर्त्यांनी २९९ हीच किंमत करासह ठेवली, तर १८ टक्क्यांच्या हिशेबाने ४५ रुपये ६१ पैसे सरकारचे आणि २५३ रुपये ३९ पैसे त्यांचे. शुल्काचे ७ रुपये त्यानंतर.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: जीएसटी नाही म्हणजे आयकरही नाही. उत्पन्न पहिल्या रुपयापासून विवरणपत्रात दाखवायचे असते; कर लागतो की नाही हा पुढचा प्रश्न. छोट्या व्यावसायिकाला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, तीत बँक किंवा यूपीआयमार्फत आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवता येतो. वैद्यक, वकिली, लेखाकर्म, अभियांत्रिकी अशा ठरावीक पेशांना ही सोय नाही. त्यांच्यासाठी ते प्रमाण ५० टक्के आहे. मंचावरून विकणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: ऑक्टोबर २०२४ पासून मंच ०.१ टक्के दराने करकपात करतात, परंतु पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या मंचावरील वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल तर ती कपात होत नाही.

धंद्याचे खाते वेगळे ठेवा. शिकवणीची फी, दुधाचे पैसे, मेहुण्याने परत केलेली उसनवारी आणि फाइलींची विक्री एकाच खात्यात आली, की मार्च महिन्यात मला तुमच्यासोबत बसून प्रत्येक ओळ विचारावी लागते आणि त्या बैठकीचे बिल फाइलींच्या नफ्यातून जाते. आणि छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून शासनाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क आहे. त्यासाठी हजार-दीड हजार मागणारा भेटला तर उठून यावे.

पत्रिकावाली (परभणी)

मी लग्नपत्रिका, बारसे, वास्तुशांती यांचे तयार नमुने विकते. गिऱ्हाइकाने नाव आणि मुहूर्त भरायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचे. तुळशीचे लग्न लागले की माझा हंगाम सुरू होतो. चातुर्मासात मी पुढच्या वर्षीचे नमुने करते.

या कामात निम्मी कटकट अक्षरांची आहे. जुने छापखाने ज्या फाँटांत मजकूर देतात ते युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताचे, नसतात. तो मजकूर जसाच्या तसा चिकटवला की "आमचे येथे श्रीकृपेकरून" याच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी उमटते. दुसरे म्हणजे 'ल' आणि 'श' यांचे वळण. पुष्कळ फाँटांत ते हिंदी धाटणीचे येतात, आणि लातूरच्या एका आजोबांनी मला पत्रिका परत पाठवताना विचारले होते, की वरपक्ष उत्तरेकडचा आहे काय. 'ऱ्य' तर नेहमी तपासावा. "सोयऱ्यांसह" हा शब्द मी प्रत्येक नव्या फाँटमध्ये पहिल्यांदा टंकून पाहते. तो नीट उमटला तर पुढे जायचे.

परवान्यांविषयी दोन शब्द. 'मुक्त', 'बलू', 'नोटो' या नावांचे आणि यांसारखे देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली आहेत. त्यांत केलेली रचना विकता येते, केवळ फाँटची फाइल सुटी विकता येत नाही. रचनेच्या ॲपमधली तयार चित्रे तशीच उचलून स्वतंत्रपणे विकायला मात्र परवानगी नसते, हे मी वाचले नव्हते आणि केळीच्या खांबांचे २२ नमुने मला मागे घ्यावे लागले. आता खांब मी स्वतः काढते. थोडे वाकडे येतात, पण माझे आहेत.

धागाकर्त्यांना एक बोलायचे आहे. सर, मराठी अंक लिहिले म्हणून आपण त्या ताईंना लाल सूचना दाखवता, हे मला पटले नाही. फाइल मराठी, रकाने मराठी, कळफलक मराठी, आणि आकडा तेवढा इंग्रजीच हवा? आपल्याच नियमाप्रमाणे तीन फोन आले की फाइल बदलायची असते. इथे आपण गिऱ्हाईक बदलायला निघालात.

खासरा (नांदेड)

माझे उत्पादन जरा वेगळे आहे आणि ते मराठवाड्याबाहेर फारसे विकले जाणार नाही. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे आपल्या जमिनींचे जुने कागद उर्दू आणि मोडीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या आणि आजोबांच्या हातचा कागद नातवाला वाचता येईना. मी ४८ पानांची एक पुस्तिका केली: सेतवार आणि खासरा पत्रक या जुन्या जमीन-नोंदींत वारंवार येणारे शब्द, त्यांचे उर्दू रूप, मोडी रूप आणि अर्थ. पट्टेदार कोण, रकबा म्हणजे काय, फसली सन (त्या काळचा महसुली सन) इसवीत कसा आणायचा. फसली सनात ५९० मिळवले की ढोबळ इसवी सन येते. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, त्यामुळे तिचे फाँट आता आहेत. परंतु कारकुनाच्या धावत्या हाताशी फाँटचा मेळ बसत नाही. म्हणून माझ्या पुस्तिकेत प्रत्येक शब्द मी बोरूने चार वळणांत लिहून, स्कॅन करून घातला आहे. लोक तेच विकत घेतात.

फोनच्या प्रश्नाबाबत सांगतो. पुस्तिका १५० रुपयांना आहे आणि त्यावर फोन घेत नाही, हे खरेदीच्या पानावरच लिहिले आहे. ज्याला स्वतःचा कागद वाचून हवा आहे त्याच्यासाठी अर्ध्या तासाचा वेळ वेगळा, ४०० रुपये. हे प्रमाणित भाषांतर नव्हे आणि कार्यालयात चालणार नाही, हेही तिथेच ठळक लिहिले आहे. सुरुवातीला ते लिहिले नव्हते, तेव्हा एक गृहस्थ माझ्या पुस्तिकेची प्रिंट घेऊन तहसील कार्यालयात गेले होते. पैसे परत करण्याचा नियमही एका वाक्यात तिथेच असावा. दोन किमती ठेवल्यापासून फोन कमी झाले, आणि जे येतात ते मोजलेले असतात.

उदगीरकर

माझा भाऊ ऊसतोडीचा मुकादम आहे. कोयत्यामागे (म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीमागे) आगाऊ दिलेली उचल, हंगामात फिटलेली रक्कम, टनेज, हे सगळे तो खिशातल्या डायरीत लिहितो आणि दरवर्षी वाद होतात. असा तक्ता कोणी करून देईल का?

हिशेबवही (अंबाजोगाई) · धागाकर्ता

उदगीरकर, करता येईल, पण एका अटीवर: प्रत्येक कोयत्याला स्वतःचे पान स्वतःच्या मोबाइलवर दिसले पाहिजे. एकट्या मुकादमाच्या हातात राहणारा हिशेब डायरीत असो की शीटमध्ये, वाद तसाच राहील. भावाला विचारून कळवा. मान्य असेल तर डायरीची चार पाने पाठवा, रकाने त्यांच्याच शब्दांत करू.

खासरा, आपली दोन किमतींची रीत मी उचलली. नुसती फाइल २९९, आणि गटाच्या पहिल्या दोन बैठकांना फोनवर सोबत हवी असेल तर ६९९. आठवड्यात नऊ विक्री झाल्या, त्यांतल्या चार दुसऱ्या किमतीच्या. सोबत सीआरपी ताईच घेतात, कारण त्यांना एकदा शिकून दहा गटांत वापरायचे असते. मी त्यांना तसे वापरू देतो. माझी जाहिरात त्याच करतात.

पत्रिकावाली ताई, आपले बोलणे लागले आणि बरोबर होते. लाल सूचना काढून टाकली. आता प्रत्येक रकमेच्या रकान्यामागे एक लपवलेला रकाना आहे, त्यात दहा मराठी अंकांच्या जागी दहा इंग्रजी अंक घालणारे सूत्र एकात एक गुंफले आहे, आणि बेरीज त्या लपलेल्या रकान्यावरून होते. शून्यापासून नवापर्यंत कसेही लिहा, चालते. अहमदपूरच्या त्या ताईंनाच पहिली प्रत पाठवली आणि परवाच्या बैठकीत बेरीज जुळली.

काल त्यांचा पुन्हा फोन आला. बेरीज ५०० ने कमी येत होती. छायाचित्र मागवले. तेराव्या ओळीत ताईंनी आपल्याकडे पावतीवर लिहितात तसे "५००/-" लिहिले होते. वहीत नोंद केली आहे. या खेपेला दोन फोनांची वाट पाहत नाही, ती तिरकी आणि आडवी रेघ गाळणारे सूत्र आज रात्रीच घालतो.